मुंबईत मुलांना घेऊन भटकायचं तर आधी घड्याळ, मग ठिकाण

सांगली, नांदेड, अकोल्याहून मुंबईत नव्यानं आलेल्या घरांत पहिल्या महिन्याभरात एक रविवार हमखास फुकट जातो. कुणीतरी व्हॉट्सॲपवर बघण्यासारख्या ठिकाणांची यादी पाठवलेली असते. साडेदहाला न्याहारी उरकून सगळे निघतात आणि राणीची बाग, गेटवे, जुहू असं सगळं त्याच दिवशी गाठायचं ठरतं. चार वाजेस्तोवर धाकटं खांद्यावर झोपलेलं, थोरलं कुरकुरत असलेलं आणि आई-बाबांनी एकमेकांशी बोलणं सोडलेलं.

यादीत खोट नसते, वेळेत असते. सकाळी सातची जुहू चौपाटी आणि दुपारी एकची जुहू चौपाटी यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. म्हणून या शहरात आधी वेळ ठरवायची, त्या वेळेला काय चांगलं असतं ते बघायचं आणि मग ठिकाण निवडायचं. पुढचं सगळं साधारण दोन ते दहा वर्षांची मुलं असलेल्या घरांसाठी आहे.

पहिली पायरी: चालत जाता येईल असं मैदान शोधा

सुरुवातीचे काही शनिवार-रविवार मोठं काही करूच नका. घरापासून पंधरा मिनिटांच्या आत एक बाग आणि एक मोकळं मैदान शोधा. दोन्ही लागतात. बागेत घसरगुंडी-झोपाळे असतात, मैदानात धावायला मिळतं, आणि मुंबईतल्या मुलांना धावायला मिळणं हीच खरी चैन आहे.

महापालिकेच्या बागांच्या फाटकावर वेळेची पाटी असते, ती वाचा. भर दुपारी गेलं आणि कुलूप दिसलं तर नवल मानू नका. दादर-माहीमकडे राहत असाल तर शिवाजी पार्क आहेच: साधारण २८ एकरांचं मैदान, भोवती बसायला कट्टा, एका बाजूला क्रिकेटची नेट, दुसरीकडे वाळूत खेळणारी पोरं. माटुंग्याला फाइव्ह गार्डन, वांद्र्याला कार्टर रोडची समुद्राकाठची वाट. उपनगरात सोसायट्यांच्या मागं लपलेली छोटी मैदानं बरीच आहेत, पण ती नकाशावर शोधून सापडत नाहीत. संध्याकाळी बाकावर बसलेल्या एखाद्या आजींना विचारा. कुठल्या बागेत डास आहेत, कुठली घसरगुंडी तुटलीय, फुगेवाला किती वाजता येतो, सगळं कळेल.

एप्रिल-मेमध्ये लोखंडी घसरगुंडीला आधी स्वतःचा हात लावून बघा. चटका बसेल इतकी ती तापलेली असते.

दुसरी पायरी: ऋतू आणि तास

मुंबईत ऊन जितकं त्रास देतं, त्याहून दमटपणा जास्त देतो. विदर्भातून आलेल्यांना बत्तीस-तेहतीस अंश म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण इथं घाम वाळत नाही आणि लहान मुलं पटकन मलूल होतात. मार्च ते मे आणि ऑक्टोबर या काळात सकाळी साडेसहा ते साडेनऊ किंवा संध्याकाळी पाचनंतर, एवढेच तास आपले. ऑक्टोबर वरवर निरुपद्रवी दिसतो, पण पाऊस संपल्याच्या आनंदात लोक दुपारी बाहेर पडतात आणि फसतात.

डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य हा खरा हंगाम. तेव्हा दुपारचे बारा वाजेपर्यंतही फिरता येतं. मात्र याच दिवसांत हवा धुरकट असते. समोरच्या इमारती पुसट दिसत असतील तर त्या दिवशी धावण्या-पळण्याचा बेत रद्द करा, खोकरी प्रकृती असलेल्या मुलांना तर नकोच. सूर्यास्ताचंही लक्षात असू द्या: डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास अंधारायला लागतं, जूनअखेरीस सव्वासातपर्यंत उजेड असतो. संध्याकाळचा बेत या फरकावर उभा राहतो किंवा कोसळतो.

तिसरी पायरी: प्रवासाची तालीम

रविवारी लोकल रिकामी मिळते असं ऐकलं असेल. मिळते, पण रविवारीच रेल्वेचा मेगाब्लॉकही असतो. रुळांच्या दुरुस्तीसाठी काही तास एखाद्या मार्गावर गाड्या कमी धावतात, काही जलद गाड्या धिम्या मार्गावरून नेतात आणि मग आठवड्याच्या गर्दीला लाजवेल अशी गर्दी होते. ब्लॉक बहुधा अकरानंतर सुरू होतो. शनिवारी बातम्यांत वेळापत्रक येतं ते बघून, सकाळी त्याच्या आधीच इच्छित स्थळी पोहोचा.

आठवड्याच्या दिवशी जायचं असेल तर सकाळी आठ ते अकरा दक्षिणेकडे, म्हणजे चर्चगेट-सीएसएमटीकडे, आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ उत्तरेकडे मुलांना घेऊन लोकलमध्ये शिरू नका. बाकीच्या वेळी स्लो गाडी पकडा. वीस मिनिटं जास्त लागतील, पण प्रत्येक स्टेशनाचं नाव वाचणं हा पाच वर्षांच्या मुलासाठी खेळच असतो. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, पाच ते बारा वयाला अर्धं. आई आणि मुलं लेडीज डब्यात, बाबा शेजारच्या डब्यात, ही विभागणी सोयीची पडते. कडेवर मूल असलेल्या बाईला जागा करून देण्याची रीत तिथं अजून बऱ्यापैकी टिकून आहे.

चढता-उतरताना मुलाचं मनगट नाही, दंड धरा. मनगट घामानं सटकतं. एक मोठा आधी चढणार, मूल मध्ये, दुसरा मोठा शेवटी. आणि चुकामूक झालीच तर काय करायचं, हे घरून निघण्यापूर्वीच ठरलेलं हवं: गाडीत राहिलेल्यानं पुढच्या स्टेशनावर उतरून तिथंच थांबायचं, फलाटावर राहिलेल्यानं मागून यायचं. दोघेही एकमेकांना शोधत फिरले की घोळ वाढतो. मुलाच्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. त्यावर मुलाचं नाव मोठ्या अक्षरांत दिसेल असं लिहू नका. हरवलेल्या मुलांसाठी १०९८, तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि रेल्वेसाठी १३९ हे नंबर फोनमध्ये असू द्या.

लोकलची धास्ती वाटत असेल तर मेट्रोनं सुरुवात करा. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५पासून पूर्ण मार्गावर धावते. लिफ्ट आहेत, सरकते जिने आहेत, थंडावा आहे. बेस्टची वातानुकूलित डबल डेकर तर स्वतःच एक सहल आहे. सीएसएमटीहून नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहाकडे जाणारी ११५ नंबरची बस घ्या, वरच्या मजल्यावर पुढची काच मिळाली तर मुलांना दुसरं काही नको असतं. ती खिडकी मिळेपर्यंत एक बस सोडून द्यायची तयारी ठेवा, वसूल होते.

बाबागाडी शक्यतो घरी ठेवा. फुटपाथ मध्येच संपतो, पादचारी पुलाला उंच पायऱ्या असतात आणि फेरीवाल्यांमधून ती चालवताना दोघांचीही चिडचिड होते. पोटाशी बांधायची झोळी इथं कामाला येते. समुद्राकाठच्या सपाट वाटा तेवढ्या बाबागाडीला बऱ्या.

चौथी पायरी: पहिली मोठी सहल राणीच्या बागेत

भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे आताचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पहिल्या सहलीसाठी मी डोळे झाकून सुचवेन. भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत जाता येतं, सावली भरपूर आहे आणि अर्ध्या दिवसात आवरता येतं. बुधवारी बंद असते, हे आधी लिहून ठेवा. सुट्टीच्या काळात रविवारी दुपारी तिथं जी गर्दी लोटते ती बघता सकाळी फाटक उघडतानाच हजर राहा. आई-बाबा आणि मुलांचं एकत्र कुटुंब-तिकीट मिळतं, ते स्वस्त पडतं.

आत गेल्यावर पहिल्यांदा पेंग्विन. हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन २०१६मध्ये आले, आणि लोकांना बघायला खुले झाल्यापासून सगळी मुंबई आधी तिकडेच धावते आणि दहानंतर रांग लांबत जाते. ते उरकलं की मग घाई नाही. वाघ झोपलेला असेल, असू दे. ‘तो उठेपर्यंत थांबू’ असं म्हणणाऱ्या मुलाला थोडं थांबू द्या, मोठ्यांनीच कंटाळून पुढं ओढू नये.

ही जागा मुळात वनस्पती उद्यान म्हणून १८६१ साली उभी राहिली, प्राणी नंतर आले. त्यामुळे खरा खजिना झाडांचा आहे आणि लोक तो न बघताच परततात. गोरखचिंचेचं झाड शोधा. त्याच्या बुंध्याला वेढा घालायला किती जण लागतील याचा मुलांना अंदाज करायला लावा. कैलासपतीची फुलं थेट खोडावर येतात आणि तोफगोळ्याएवढी फळंही तिथंच लटकतात, त्यामुळे त्या झाडाखाली उभं राहायचं नाही हेही सांगा. उर्वशी, सीता अशोक, ताडाचे नाना प्रकार. खाली पडलेली बी, पान, फूल उचलायला मुलांना एक कापडी पिशवी द्या. झाडावरचं तोडायचं नाही, एवढी एकच अट.

शेजारीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, तेही बुधवारी बंद. त्याच्या आवारात दगडी हत्ती उभा आहे. घारापुरी बेटावरचा हा हत्ती. पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटलं ते याच्यामुळे. पुढं कधी घारापुरीला गेलात तर मुलं आपणहून विचारतील की हत्ती कुठाय.

घारापुरी मात्र पहिल्या सहलीत नको. गेटवेहून लाँचला तासभर लागतो, वर लेण्यांपर्यंत शंभरावर पायऱ्या आहेत, माकडं हातातला खाऊ पळवतात आणि सोमवारी लेणी बंद. सहा-सात वर्षांपुढची मुलं, हिवाळा, सकाळची पहिली लाँच, आणि सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट, असं जमलं तरच जा.

पाचवी पायरी: समुद्राला विचारून समुद्रावर

देशावरून आलेल्यांना भरती-ओहोटी ऐकून माहीत असते, पण बेत ठरवताना तिचा विचार कुणी करत नाही. चौपाटीवर मुलांना खेळायला लागते ती ओली, घट्ट, सपाट वाळू. ती ओहोटीला मिळते. भरतीला तेवढी जागा पाण्याखाली असते आणि उरते ती कोरडी, कचऱ्याची, भेळेच्या कागदांची पट्टी.

दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. दोहोंत सहा तासांचं अंतर आणि रोज वेळ सुमारे पन्नास मिनिटं पुढं सरकते. मोबाइलवर मुंबईचं भरतीचं वेळापत्रक सहज मिळतं, पण कोकणातला जुना हिशोब माहीत असावा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, म्हणून ओहोटी भर बाराच्या उन्हात. तो रविवार चौपाटीसाठी बाद. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास. शिवाय तेव्हा उधाण असतं, म्हणजे पाणी जितकं वर चढतं तितकंच लांब मागं हटतं. थोडक्यात, पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या दिवसापासून पुढचे तीन-चार दिवस सकाळची ओहोटी मुलांच्या सोयीची. कालनिर्णयात तिथी बघून चौपाटीचा रविवार ठरवता येतो, हे मला या शहरातलं फार सुंदर गणित वाटतं.

अशा सकाळी जुहूच्या वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी दिसेल. नखाएवढे खेकडे वाळूतलं अन्न खाऊन उरलेल्या वाळूच्या गोळ्या करून टाकतात. पाय न हलवता दोन मिनिटं उभं राहिलं की ते बिळातून बाहेर येतात. मुलांना दोन मिनिटं गप्प उभं करणारं दुसरं काही माझ्या पाहण्यात नाही.

खडकाळ किनाऱ्यावर, म्हणजे कार्टर रोड किंवा बँडस्टँडकडे, ओहोटीला डबकी उघडी पडतात. त्यांत शंखातले खेकडे, समुद्रफुलं, कधी छोटे मासे. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या गटाचे स्वयंसेवक २०१७पासून अशा फेऱ्या काढत आले आहेत. पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेलात तर काय बघायचं ते कळतं. स्वतः जाणार असाल तर पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोहोचा आणि पाणी वळलं की निघा. बोटं झाकणारे, न घसरणारे बूट हवेत. दगड उलटला तर तसाच परत ठेवायचा, जिवंत शंख घरी न्यायचा नाही. मरीन ड्राइव्हच्या काठावर रचलेल्या सिमेंटच्या टेट्रापॉडवर कुणालाही चढू देऊ नका, फोटोसाठीही नाही.

पाण्यात उतरण्याबद्दल मी कडक आहे: घोट्यापर्यंत, आणि मोठ्याचा हात धरून. अक्सा किनारा दिसायला शांत, पण बुडण्याच्या घटनांसाठी कुप्रसिद्ध आहे. तिथं मुलांना पाण्यात नेऊच नका. पावसाळ्यात निळ्या फुग्यासारखे दिसणारे डंखी जीव वाहून किनाऱ्याला लागतात, मुलं खेळणं समजून उचलायला जातात. डंख झालाच तर चोळू नका, डॉक्टरकडे न्या. ऑगस्ट-सप्टेंबरात उथळ पाण्यात शेपटीनं डंख मारणारा पाकट मासाही असतो.

हिवाळ्यात गिरगाव आणि मरीन ड्राइव्हला कुरव पक्षी येतात. त्यांना फरसाण-गाठ्या टाकणारे बरेच दिसतील. तुम्ही टाकू नका, तळलेलं पक्ष्यांना सोसत नाही. पक्ष्यांचीच आवड असेल तर नोव्हेंबर ते मे या काळात ठाण्याच्या खाडीत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, असतात. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोट सुटते, तीही भरतीच्या वेळेनुसार. आधी नोंदणी करून जा, आणि मुलांसाठी एक दुर्बीण कुणाकडून तरी मागून आणा.

सहावी पायरी: शहरातलं जंगल

बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शंभर चौरस किलोमीटरहून मोठं आहे, म्हणून ‘आज नॅशनल पार्क बघून येऊ’ हे वाक्यच चुकीचं. एका वेळी एक तुकडा. सोमवारी बंद. सकाळी साडेसात-आठला दारात असाल तर पाखरांचे आवाज मिळतील, अकराला गेलात तर माणसांचे.

लहान मुलं असतील तर दारापासून थोडं आत झाडीत चालणं पुरेसं. सहा वर्षांपुढच्या मुलांना कान्हेरी दाखवा. आत सहाएक किलोमीटर आहे, उद्यानाची बस जाते, सायकलीही भाड्यानं मिळतात. पण रस्ता चढाचा आहे हे सायकल घेण्यापूर्वी लक्षात घ्या. पुरातत्त्व खात्याचं तिकीट पंधरा वर्षांखालच्यांना लागत नाही. एकाच बेसाल्टच्या टेकडीत शंभराहून जास्त लेणी आहेत, सगळी बघायची नाहीत. तिसऱ्या क्रमांकाचं चैत्य आणि त्यातले उंच बुद्ध बघा, मग मुलांना पाण्याच्या मागावर लावा. दगडात कोरलेले पन्हाळे, जवळजवळ प्रत्येक लेण्यापाशी पाण्याचं टाकं. इथं राहणाऱ्या भिक्खूंनी डोंगरावर पडणारा पाऊस कसा साठवला, हे मूल पन्हाळ्यावर बोट फिरवत स्वतः शोधून काढतं.

या जंगलात बिबटे आहेत. घाबरून घरी बसण्याचं कारण नाही, पण मूल वाटेवर एकटं पुढं पळणार नाही आणि अंधार पडायच्या आत सगळे फाटकाबाहेर असतील, हे सांभाळा. माकडांसमोर पिशवीतून खाऊ काढायचा नाही. इथली कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते. २०२४मध्ये फुलून गेली, आता थेट २०३२. मुलांना तेव्हाचं त्यांचं वय मोजायला लावा.

पिशवीत काय, आणि शी-शूचं काय

तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, चुरमुरे. गोड बिस्किटांनी तहान लागते आणि चिकटपणा वाढतो. माणशी स्टीलची बाटली, एक ओआरएसची पुडी, जुना पंचा, जादा चड्डी-सदरा, टोपी. भेळ-शेवपुरी खाल्ली तर खाल्ली, पण चौपाटीवरचा बर्फाचा गोळा लहान मुलांना देऊ नका. त्या बर्फाचं पाणी कुठलं ते कुणाला ठाऊक. शहाळं बरं, तेही समोर फोडून घ्या.

स्वच्छतागृहाचा प्रश्न खरा आहे आणि तो कुणी लिहीत नाही. घरून निघताना एकदा, गाडीतून उतरल्यावर एकदा, हा क्रम लावा. संग्रहालयं, राणीची बाग, मेट्रोची स्टेशनं, मॉल इथं बरी सोय असते; मोकळ्या चौपाटीवर नसते. सुलभला सुटे पैसे लागतात.

फुगे-भिरभिऱ्यांचं आधीच ठरवा: एकच वस्तू, तीही परत निघताना. आणि परत निघायचं ते मुलं अजून खेळत असताना, ती रडायला लागल्यावर नाही. तीन तास झाले की उठा. उरलेलं बघायला पुढचा रविवार आहे.

पावसाळ्यापुरतं वेगळं

जून ते सप्टेंबर घरात बसून काढायचे नसतात. रिमझिमीत नॅशनल पार्कातली हिरवळ बघण्यासारखी असते. ओढ्यात मात्र उतरायचं नाही, वरती कोसळला की क्षणात पाणी वाढतं. महापालिका मोठ्या भरतीचे दिवस जाहीर करते. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले तर समुद्राकडे फिरकू नका, लाटा कठड्यावरून रस्त्यावर येतात. अशा दिवशी वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र गाठा. भुयारी मेट्रोला ‘विज्ञान केंद्र’ नावाचं स्टेशनच आहे, आणि पाऊस थांबला की बाहेरच्या आवारातली विज्ञानाची खेळणी खुली.

डबक्यात उड्या मारायच्याच असतील तर बागेतल्या किंवा सोसायटीच्या स्वच्छ गच्चीवरच्या. रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि त्यातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार, होतो. पायाला जखम असेल तर धोका आणखी. गमबूट घातलेत तरी घरी आल्यावर साबणानं पाय धुवा, आणि मूल अशा पाण्यातून चालून आलंच असेल तर ताप येण्याची वाट न बघता ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या कानावर घाला.